हिला पाणी किती लागते?

माझ्या वडिलांनी तीस वर्षे गोव्यातल्या नद्यांतून खनिज वाहणाऱ्या बार्जवर इंजिन ड्रायव्हर म्हणून काढली. उसगाव किंवा आमोण्याच्या धक्क्यावर बार्ज भरायची, भरती-ओहोटीचे गणित सांभाळत मांडवीतून खाली यायचे, मुरगाव बंदरात माल उतरवून पुन्हा वर जायचे, हा त्यांचा नित्यक्रम होता. 2012 साली खाणी बंद झाल्या, बार्ज काठाला बांधल्या गेल्या आणि बाबा घरी बसले. नार्व्यातल्या आमच्या घरापासून नदी पाच मिनिटांच्या अंतरावर आहे. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे दिवाडीच्या फेरीबोटीखेरीज त्यांचा पाण्याशी संबंध उरला नाही. संध्याकाळी ते मानशीजवळ, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ, उभे राहून पाणी पाहत आणि काही न बोलता परत येत. त्यांना पुन्हा नदीवर न्यावे, तेही एखाद्या तासाच्या सहलीसाठी नव्हे, तर रात्री होडीतच मुक्काम करता येईल अशा बेताने, हे मी ठरवले तेव्हा माझ्यापुढे एकच मार्ग होता. छोटी केबिन असलेली, दोघांना झोपता येईल अशी वापरलेली मोटरबोट शोधणे. नवी घेण्याची माझी ऐपत नव्हती.

पहिल्या आठवड्यातच मी मोबाइलवर एका बोटीची छायाचित्रे त्यांना दाखवली. पांढरीशुभ्र केबिन, गादीचे सोफे, छोटे स्वयंपाकघर, लाकडी चौकटीतली सुकाणूची चकती. त्यांनी ती सारी पाहिली आणि विचारले, "हिला पाणी किती लागते?" जाहिरातीत तो आकडा नव्हता. मालकाला फोन केला, तर त्यालाही नक्की सांगता आले नाही. बाबांनी मोबाइल परत दिला. होडी पाण्यात किती खोल बसते, म्हणजेच तिला तरंगण्यासाठी किमान किती पाणी हवे, हा प्रश्न आमच्या नद्यांवर सर्वांत आधी का विचारायचा, हे मला पुढच्या दोन महिन्यांत हळूहळू कळले.

गोव्याच्या मोठ्या नद्या वरून आलेल्या पाण्यावर जितक्या चालतात, त्याहून जास्त समुद्राच्या पाण्यावर चालतात. मांडवी आणि जुवारी या दोन्ही नद्यांत भरतीचा परिणाम जवळजवळ 50 किलोमीटर आतपर्यंत जाणवतो, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची चढउतार दोन मीटरच्या घरात जाते. ज्या ठिकाणी सकाळी फेरीबोट डौलाने वळते, त्याच्याच बाजूला दुपारी चिखलावर बगळे चालताना दिसतात. कोकण किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे. रोज भरती साधारण पाऊण तास पुढे सरकते, हे त्याचे मूळ. पण तो हिशेब समुद्रकाठचा असतो. नदीतून जसजसे आत जावे, तसतशी भरती उशिरा पोहोचते आणि प्रत्येक गावाचा उशीर वेगळा असतो. बाबांना हे उशीर पाठ होते, आणि ते बार्जच्या खोलीच्या हिशेबाने पाठ होते. आम्हाला ते आता एका छोट्या होडीच्या हिशेबाने नव्याने पाहावे लागणार होते.

म्हणून बोटी पाहण्याआधी आम्ही नदी पाहिली. ओळखीच्या एका मच्छीमाराची होडी घेऊन, उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे पाणी सर्वांत कमी असताना, आम्ही नार्व्यापासून दिवाडी आणि चोडणच्या कडेने फिरलो. पुढच्या खेपेला कुंभारजुवेच्या कालव्यातून जुवारीपर्यंत गेलो. बाबांच्या हातात खुणा केलेला बांबू होता. मुख्य पात्रात, जिथे बार्ज चालतात, तिथे चिंता नव्हती. मांडवी, जुवारी आणि त्यांना जोडणारा हा कालवा हे तिन्ही 2016 च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग ठरले आहेत, आणि त्यांच्यातून पिढ्यान्‌पिढ्या माल वाहिला गेला आहे. पावसाळ्यात आग्वादजवळ मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध धोकादायक होतो, तेव्हा बार्ज याच कालव्याने मुरगावला जात असत. परंतु आम्हाला जायचे होते ते खारफुटीच्या फाट्यांमध्ये, गावांच्या जुन्या धक्क्यांना, पक्ष्यांच्या जवळ. तिथे बांबूने कधी कमरेइतके, कधी जेमतेम गुडघ्याइतके पाणी दाखवले. शिवाय मासेमारीचे खुंटे, त्यांना बांधलेली जाळी, आणि पाण्याखाली गेलेले जुने बांध. कालव्यात एका जागी चिखलावर पडलेली मगरही दिसली. बाबा म्हणाले, इथे पंख्यात, म्हणजे होडी ढकलणाऱ्या प्रॉपेलरमध्ये, जाळे अडकले तर पाण्यात उतरून काढता येणार नाही.

जुव्याच्या बेटाजवळून येताना त्यांनी मला संभाजी महाराजांची हकीकत आठवून दिली. 1683 साली महाराजांनी जुव्याचा किल्ला घेतला. पोर्तुगीज माघारी पळाले, तेव्हा त्यांच्या पाठलागात महाराजांनी घोडा पाण्यात घातला, भरती चढत होती आणि खंडो बल्लाळांनी उडी घेऊन त्यांना वाचवले, असे सांगितले जाते. लहानपणी ही गोष्ट मी शौर्याची म्हणून ऐकली होती. त्या दिवशी, बांबू हातात घेतलेल्या माणसाकडून ऐकताना, ती मला पाण्याच्या वेळेची गोष्ट वाटली.

त्या फेऱ्यांमधून आमची मापे ठरली. होडीला अडीच फुटांपेक्षा जास्त पाणी लागता कामा नये. पंखा आणि सुकाणू उघडे लोंबत नसावेत, तर तळाखालून लांबवर जाणाऱ्या कण्यामागे झाकलेले असावेत, म्हणजे जाळे किंवा लाकूड आधी कण्यावर आदळेल. आमच्या मानशीजवळची जागा उधाणाच्या ओहोटीला उघडी पडते, म्हणून होडी चिखलावर कलंडून न पडता सरळ बसली पाहिजे. उंचीबद्दल मात्र फार चिंता नव्हती. जिथून बार्ज जातात त्या पुलांखालून आमची केबिन सहज जाणार होती. अडचण येईल ती आडवाटेच्या लहान पुलांखाली, आणि तिथली उंची मोजायची ती भरतीला.

मोबाइलवर पाहिली होती तीच पांढरी बोट आम्ही शेवटी जुवारीच्या काठी प्रत्यक्ष पाहिली, कारण माझे मन तिच्यातून निघत नव्हते. सत्तावीस फूट लांब, इंजिन आत आणि पंख्याचा पाय मागे बाहेर, पेट्रोलवर चालणारी. अशा बोटीचा तळ वेगासाठी घडवलेला असतो. पुरेशी शक्ती दिली की ती पाण्यावर उचलली जाते आणि सरकत पळते. तसे पळवायचे तर दीडशे अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात तासाला पन्नास लिटरांच्या आसपास पेट्रोल पिते. हळू चालवली तर ती नाळ, म्हणजे पुढचे टोक, वर करून, मागे मोठी लाट ओढत, वाकडीतिकडी जाते. मागच्या पायाला जिथे तो होडीतून बाहेर पडतो तिथे रबराचे घडीदार आवरण असते. ते फाटले की पाणी थेट आत येते, म्हणून ते ठरावीक वर्षांनी बदलावेच लागते. या बोटीचे आवरण हात लावताच तडकलेले जाणवले. बाबा डेकवर चढले आणि चप्पल काढून अनवाणी चालू लागले. नाळेजवळ एका जागी ते थांबले, टाचेने दाबले आणि मला तिथे उभे राहायला सांगितले. फायबरचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि चकचकीत होता, पण पायाखाली तो ओल्या पुठ्ठ्यासारखा दबत होता. अशा डेकच्या दोन थरांमध्ये प्लायवूड किंवा हलके लाकूड भरलेले असते. एखाद्या स्क्रूच्या छिद्रातून पावसाचे पाणी आत शिरले की ते लाकूड आतल्या आत कुजते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या प्रदेशात उघड्यावर ठेवलेल्या बोटीचा खरा शत्रू खाली नदीत नसतो, तो वरून येतो. मी निराश झालो होतो, हे मान्य करतो. परतताना गाडीत बाबा फक्त एवढेच म्हणाले, "आदीं सकयल पळय." आधी खाली पाहा. सोफा, पडदे, रंग हे सारे नंतर बदलता येते.

वेगाबद्दल माझे मत त्या दिवसानंतर पक्के झाले आणि ते केवळ पेट्रोलच्या खर्चामुळे नव्हे. आमच्या नद्यांच्या दोन्ही काठांना खाजन जमिनी आहेत. माती, चिखल आणि दगडांनी घातलेले बांध खारे पाणी शेतात शिरू देत नाहीत, आणि मानशीची दारे भरती-ओहोटीप्रमाणे पाणी आतबाहेर करतात. ही व्यवस्था शेकडो वर्षांची आहे. वेगाने जाणारी बोट मागे जी लाट सोडते ती या बांधांच्या पायथ्याची माती दर वेळी थोडी थोडी ओढून नेते. फुटलेल्या बांधातून आलेले खारे पाणी शेताचे काय करते, हे मी माझ्या आजोळी पाहिले आहे. नदीवर केवळ आनंदासाठी जाणाऱ्या माणसाला दुसऱ्याचा बांध झिजवण्याचा अधिकार नाही, असे मला मनापासून वाटते. पाणी कापत शांतपणे जाणाऱ्या होडीचा कमाल वेग तिच्या पाण्यालगतच्या लांबीवर ठरतो. फुटांतल्या लांबीचे वर्गमूळ काढून त्याला 1.34 ने गुणले की नॉटमधला वेग मिळतो. वीस फुटांना तो सहा नॉट येतो, म्हणजे तासाला साधारण अकरा किलोमीटर. एवढ्यासाठी वीस-पंचवीस अश्वशक्तीचे डिझेल इंजिन पुरते आणि तासाला दोन-तीन लिटरांत काम भागते. ओहोटीची ओढ दोन नॉट असली, तर समोरून जाताना वेग चारवर येतो आणि बरोबर जाताना आठवर जातो. म्हणून निघण्याची वेळ भरती पाहून ठरवायची, घड्याळ पाहून नव्हे.

दुसरी होडी लाकडाची होती, जुन्या मासेमारी होडीवर केबिन चढवून केलेली. दिसायला फार देखणी. पण निमखाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा शिंपल्याच्या वर्गातला जीव आतून बोगदे करतो, आणि बाहेर टाचणीच्या डोक्याएवढे भोक सोडून काही दिसू देत नाही. बाबांनी कण्याजवळ पेचकस टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. आम्ही मालकाचा चहा घेतला आणि निघालो.

तिसरी होडी शापोरा नदीच्या काठी एका शेडमध्ये, ठोकळ्यांवर चढवून ठेवलेली होती. बावीस फूट लांब, फायबरची, मध्यभागी छोटे डिझेल इंजिन, तिथून पंख्यापर्यंत जाणारा सरळ दांडा म्हणजे शाफ्ट, आणि खाली लांब कणा, ज्याच्या मागे पंखा आणि सुकाणू दोन्ही झाकलेले. पाणी लागत होते सव्वादोन फूट. रंग उडालेला, खिडक्यांचे रबर कडक झालेले, आत बुरशीचा वास. मला ती आवडली नाही. बाबा मात्र खाली बसले, पाठीवर झोपून तळाखाली सरकले आणि अर्धा तास बाहेर आले नाहीत.

तो दिवस मी सविस्तर सांगणार आहे, कारण वापरलेली होडी कशी पाहावी हे मी त्याच दिवशी शिकलो. त्यांनी प्लास्टिकच्या मुठीच्या हातोडीने तळ वीतभर अंतराने ठोकत नेला. घट्ट फायबरचा आवाज कोरडा आणि टणक येतो, थर सुटले असतील तर तो बद्द होतो. त्यांनी फायबरवरचे फोड शोधले. पाणी बाहेरच्या थरातून झिरपून आत साचले की असे फोड उठतात, आणि फोडले तर आंबट वासाचा द्रव बाहेर येतो. पाच-सहा लहान फोड होते. ते दुरुस्त होण्यासारखे होते. शाफ्ट हातात धरून त्यांनी वरखाली हलवला, बेअरिंगमध्ये किती जागा झाली आहे ते पाहण्यासाठी. मग पंख्याची कडा पॉलिश पेपरने घासली आणि मला बोलावले. पितळी पिवळ्या रंगाऐवजी खाली गुलाबी छटा दिसत होती. मिश्रधातूतले जस्त पाण्यात निघून गेले की तांबे मागे उरते आणि पंखा ठिसूळ होतो. याचे कारण शेजारीच होते. शाफ्टवर बसवलेला जस्ताचा तुकडा, ज्याने स्वतः झिजून पंख्याला वाचवायचे असते, तो जवळजवळ नवा, पांढऱ्या पापुद्र्याखाली झाकलेला होता. जस्त समुद्राच्या पाण्यात चांगले काम करते. गोड्या पाण्यात त्याच्यावर थर चढतो आणि ते निजते. पावसाळ्यात आमच्या नद्या जवळजवळ गोड्या होतात आणि मे महिन्यात खारे पाणी कितीतरी आत चढते. अशा मिश्र पाण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा योग्य, निव्वळ गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचा. आधीच्या मालकाने निष्काळजीपणा केला नव्हता, त्याने चुकीच्या पाण्याचा धातू लावला होता.

आत उतरल्यावर त्यांनी आधी फळ्या उचलून बिल्ज, म्हणजे त्यांच्याखालची तळाची जागा, पाहिली. होडीच्या तळात साचलेले पाणी तिची सारी हकीकत सांगते. ते खारट असेल तर कुठूनतरी नदी आत येते आहे, गोडे असेल तर पाऊस. वर तेलाची साय असेल तर इंजिन गळते. इथे तळाला डिझेलचा वास नव्हता, थोडे गोडे पाणी होते आणि ते गळक्या खिडकीखालीच होते. रबरी नळ्या दाबून पाहिल्या, प्रत्येकीला दोन क्लॅम्प आहेत का ते पाहिले, तळाच्या झडपा फिरतात का ते तपासले. दोनांपैकी एक फिरत नव्हती. इंधनाच्या टाकीच्या तळातून काढलेल्या बाटलीभर डिझेलमध्ये खाली पाण्याचा थर आणि काळपट चिकट गाळ दिसला. डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांचा तो गाळ.

आठ दिवसांनी होडी पाण्यात उतरवली गेली तेव्हा आम्ही पुन्हा गेलो. आमच्या विनंतीवरून होडीची तपासणी करणारा एक स्वतंत्र सर्वेयरही आला होता. मालकाने आम्ही यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवू नये, असे बाबांनी आदल्या दिवशीच नम्रपणे सांगितले होते, आणि पोहोचताच त्यांनी पहिला हात इंजिनवर ठेवला. ते थंड होते. थंड इंजिन कसे उठते यावर त्याचे वय कळते. थोडा पांढरा धूर आला आणि मिनिटभरात विरला. पांढरा धूर टिकला तर डिझेल पूर्ण जळत नाही किंवा पाणी आत जाते आहे, निळा असेल तर तेल जळते आहे, काळा असेल तर इंजिनवर भार जास्त किंवा हवा कमी. तेलाची पट्टी त्यांनी तीनदा काढून पाहिली, कारण तेल दुधाळ झाले असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. मग नदीच्या मध्यावर वीस मिनिटे पूर्ण जोर. मालक थोडा अस्वस्थ झाला, पण इंजिन ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचले, तापमानाचा काटा स्थिर राहिला आणि मागच्या नळीतून थंड करणारे पाणी भरभरून पडत राहिले. मी इतका वेळ कागदावर आकडे लिहीत होतो. बाबांनी डोळे मिटले होते आणि तळहात इंजिनच्या पायाशी होता. कित्येक वर्षांनी मी त्यांना कामावर पाहत होतो.

केबिनबद्दल एवढेच सांगतो की थंड देशांतल्या नद्यांसाठी बनवलेल्या होड्यांत खिडक्या मोठ्या असतात आणि उघडत नाहीत. गोव्यात एप्रिलच्या रात्री अशा केबिनमध्ये झोपणे अशक्य आहे. या होडीला नाळेजवळ वर उघडणारे झाकण होते आणि मागे दार, त्यामुळे वारा आरपार जात असे. तेवढे पुरेसे होते. आम्ही नंतर मागच्या बाजूला कापडी छत लावले आणि बहुतेक रात्री त्याखालीच झोपतो.

कागदपत्रांना वेळ लागला, पण गुंतागुंत झाली नाही. 1917 च्या जुन्या कायद्याच्या जागी आता अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 आला आहे, आणि गोव्यात नोंदणी कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडे होते. इंजिनवर कोरलेला क्रमांक नोंदणीच्या कागदावरच्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा, होडीवर कर्ज नाही याचे लेखी पत्र घ्यावे, आणि या दोन गोष्टी झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सर्वेयरच्या अहवालातली प्रत्येक त्रुटी आम्ही मालकासमोर ठेवली आणि किंमत समजुतीने कमी झाली. खरेदीसाठी जमवलेल्या रकमेतला पाचवा हिस्सा मी आधीपासून बाजूला ठेवला होता. तो पहिल्या चार महिन्यांतच पंखा, झडपा, टाकीची सफाई, नळ्या आणि वायरिंगवर पूर्ण खर्च झाला. जो ही रक्कम राखून ठेवणार नाही, त्याची होडी पहिल्या वर्षी धक्क्यालाच राहील.

आमचा पहिला मुक्काम दिवाडीच्या मागच्या अंगाला झाला. नांगर टाकल्यावर बाबांनी काठावरची दोन झाडे एका रेषेत धरून ठेवली आणि रात्री दोनदा उठून ती रेषा तशीच आहे का ते पाहिले. पहाटे ओहोटीने होडी हळूच चिखलावर टेकली आणि सरळ बसली. आम्ही चहा केला, आणि भरती येईपर्यंत ते मला बार्जवरच्या अशा गोष्टी सांगत राहिले ज्या त्यांनी घरी कधीच सांगितल्या नव्हत्या.

मेच्या शेवटी, पावसाआधी, आम्ही होडी काढून शेजाऱ्याच्या माडांखाली ठोकळ्यांवर ठेवली आणि वर झावळ्यांची झापे घातली. बाबा पुन्हा पाठीवर झोपून तळाखाली गेले. अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा निम्मा झिजला होता, आणि पंखा घासल्यावर पिवळा दिसत होता. "नवा आणून ठेव," ते खालूनच म्हणाले, "आणि हातोडी दे."